एक जोडी तेवढी राहिली

गेल्या महिन्यात सुनेने नातवाला फुटबॉलच्या अकादमीत घातलं. फॉर्म मोबाइलवरच भरायचा होता. नाव, वय, उंची, रक्तगट, बुटाचा नंबर. मग एक प्रश्न होता, मुलाला या खेळाची आवड किती: खूप, बरी, कमी. तिने न बघता 'खूप'वर बोट ठेवलं आणि पुढच्या पानावर गेली. मी शेजारीच बसलो होतो. म्हटलं, "अगं, त्याला विचार तरी." ती हसली. "पप्पा, त्याला काय विचारायचं? दिवसभर बॉल घेऊनच तर असतो." नातू तिथेच सोफ्यावर पाय वर करून पडला होता. त्याने मान वर केली नाही. मग मीही गप्प बसलो. गप्प बसण्यात माझा हातखंडा आहे, आणि ते मला एका फुटबॉल क्लबनेच शिकवलं.

माझी पंच्याहत्तरी झाली. मी फुटबॉल खेळायचो हे घरात सगळ्यांना माहीत आहे, कारण भिंतीवर एक फोटो आहे. चौदा पोरं, सगळी अनवाणी, घोट्याला पट्ट्या बांधलेल्या, आणि मध्ये कॅनव्हासच्या खुर्चीवर खाकी अर्ध्या चड्डीतले उस्ताद. पाहुणे आले की मुलगा त्यांना फोटो दाखवतो. "आमचे पप्पा डावीकडून दुसरे." पाहुणे वा वा करतात. मला दर वेळी वाटतं, आता सांगून टाकावं. पण चहा येतो आणि विषय बदलतो.

तो क्लब मोठा नव्हता. मुरमाचं एक मैदान, एक पत्र्याची खोली, खोलीत दोन घागरी पाणी. पण हैदराबादेत त्याला मान होता तो पोरांमुळे. मोठ्या क्लबांना खेळाडू लागले की ते आमच्याकडे यायचे. कलकत्त्याची माणसंसुद्धा दरवर्षी हिवाळ्यात येऊन मैदानाच्या कडेला उभी राहायची. शहरात सगळे त्याला 'बच्चों का क्लब' म्हणायचे. तिथे पोरगं घेतलं गेलं म्हणजे त्याच्या नोकरीची चिंता मिटली असं आयाबापांना वाटायचं, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. खात्यांच्या, कारखान्यांच्या टीम असायच्या, खेळाडूला त्या कामावर घ्यायच्या.

मी नऊ वर्षांचा असताना तिथे गेलो. आम्ही चिक्कडपल्लीला राहायचो. गल्लीत चिंध्यांचा चेंडू खेळताना उस्तादांनी मला सायकलवरून जाता जाता पाहिलं, सायकल थांबवली, आणि माझा डावा पाय हातात धरून तपासला. तेलंगणच्या बाजारात बैल घेताना तपासतात तसा. मग घरी येऊन माझ्या वडिलांना म्हणाले, "साब, ये पाँव मेरेकू दे दो." वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा खूश झाले. मला कोणी विचारलं नाही, आणि नऊ वर्षांच्या पोराला विचारायचं तरी काय, हेही खरंच.

उस्ताद जुन्या फौजेतून सुटलेले. त्यांची एक शिस्त होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. मैदानावर बोलायचं नाही. 'दे', 'इकडे', 'पास', काही म्हणजे काही नाही. आमच्यात चार भाषांची पोरं होती: मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू. उस्ताद म्हणायचे, तुम्ही आपापल्या भाषेत ओरडणार, दुसऱ्याला कळेपर्यंत गोल होणार, आणि समोरच्या टीमला मात्र सगळं कळणार. "आँखाँ खोलो, मुँह बंद रखो मियाँ." जो तोंड उघडेल त्याने मैदानाला पाच फेऱ्या मारायच्या.

त्याहून विचित्र म्हणजे त्यांच्या जोड्या. चौदा पोरांच्या सात जोड्या होत्या, आणि प्रत्येक जोडीत दोन वेगळ्या भाषांची पोरं. मराठीबरोबर तेलुगू, कानडीबरोबर उर्दू. मुद्दाम. एकाच भाषेची दोघं एकत्र आली की गप्पा मारतात, असं त्यांचं म्हणणं. जोडीने मैदानावर यायचं, जोडीने एका पानावर भिजवलेले हरभरे आणि गूळ खायचा, जोडीने घरी जायचं. एक उशिरा आला तर फेऱ्या दोघांना. पाच वर्षं असं चाललं. शेवटी असं झालं की माझा जोडीदार कुठे आहे ते बघावंच लागत नसे. चेंडू मी जिकडे मारायचो तिकडे तो असायचा.

तो तेलुगू होता. त्याचे वडील लाकडाच्या वखारीत हमाली करायचे. काळा, चपळ, आणि खेळावर जीव टाकणारा. मी लेफ्ट हाफ, तो माझ्यापुढे लेफ्ट आउट. लोक आम्हा दोघांना एकाच नावाने ओळखायचे, 'बायाँ बाजू'. वर्तमानपत्रात एकदा तसं छापूनही आलं. दादांनी ते कात्रण ऑफिसात नेलं. त्यांच्या साहेबांनी म्हणे ते वाचून विचारलं, "हा तुमचा मुलगा?" महसूल खात्यातल्या कारकुनाला साहेब आपणहून काही विचारतो असा प्रसंग दादांच्या आयुष्यात त्याआधी आला नव्हता. ते महिनाभर त्याच आनंदात होते.

आता खरं ते सांगतो. मला खेळ येत होता, आवडत नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे घरात कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मला मात्र ते क्लबात गेल्यावर आठव्या-नवव्या महिन्यातच कळलं होतं. पहाटे साडेचारला उठायचं, अंधारात मुरमावरून पळायचं, पायाची सालटं निघायची, मग शाळा, मग संध्याकाळी पुन्हा मैदान. तेराव्या वर्षापर्यंत मी इतका दमलो होतो की शाळेत बाकावर डोकं टेकलं की झोपायचो. मास्तर म्हणायचे, "झोपू दे त्याला, खेळाडू आहे." कोणी रागावलंही नाही. रागावलं असतं तर बरं झालं असतं.

अशातच राज्याच्या पुनर्रचनेचं निघालं. आमचं हैदराबाद राज्य भाषांप्रमाणे तीन ठिकाणी जाणार होतं. मराठवाडा मुंबईकडे, कानडी मुलूख म्हैसूरकडे, आणि शहरासकट तेलंगण आंध्राकडे. मोठी माणसं काय बोलत ते मला कळत नसे, पण दादांच्या कपड्यांवरून कळायचं. ते रोज धुळीने माखून यायचे. ऑफिसात फायलींचे तीन ढीग घालायचं काम चाललं होतं. निजामाच्या काळापासूनचे बांधलेले गठ्ठे सोडायचे, कागद वाचायचा, आणि तो मुंबईचा, म्हैसूरचा की आंध्राचा ते ठरवायचं. कपाटं वाटली, खुर्च्या वाटल्या, पंखेसुद्धा वाटले. दादा घरी येऊन चुळा भरत बसायचे. "आज एका तलावावर अडलो," असं एकदा म्हणाले. "तलाव इकडे, कालवा तिकडे. फाइल कुणाला द्यावी?" आणि मग जेवता जेवता डोळे मिटायचे.

फायलींनंतर माणसांची वाटणी. ज्याने त्याने कुठे जायचं ते लिहून द्यायचं होतं. दादांचं तर ठरलेलंच होतं. आमचं गाव नांदेडच्या पलीकडे, दोन काका तिथे ज्वारी-कापूस करत होते. आईचं माहेर तिथून आठ कोसांवर. औरंगाबादेत नवं मोठं ऑफिस होणार होतं, आणि उर्दू-मराठी दोन्ही येणाऱ्या जुन्या कारकुनांना तिथे लगेच बढती मिळणार हे उघड होतं. दादांचं शिक्षण उर्दूत झालेलं. तेलुगू त्यांना भाजी घेण्यापुरती यायची. इथे राहून पुढे काय, याला काही उत्तरच नव्हतं.

आईने तर महिनाभर आधीच बांधाबांध सुरू केली. बेगम बाजारातून पोती आणि सुतळी आणली. तांब्या-पितळेची भांडी फडक्यात गुंडाळून पोत्यात भरली, तोंडं दाभणाने शिवून टाकली. इतकी वर्षं शहरात राहून ती या शहराला कधी आपलं म्हणाली नाही. शेजारणी तिला "मरठी अम्मा" म्हणायच्या, ती हसायची आणि आत यायची. त्या महिन्यात ती काम करताना ओव्या म्हणत होती, तेवढं मला आठवतं.

आणि मी? माझ्याइतकं सुखी त्या घरात कोणी नव्हतं. मी कोणाला काही न सांगता सुटणार होतो. उस्तादांना नाही म्हणायचं नाही, दादांचं मन मोडायचं नाही, जोडीदाराच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. गाडीत बसायचं की संपलं. सरकारने माझ्यासाठीच एवढं मोठं राज्य मोडलं असं मला वाटत होतं. चौदा वर्षांच्या पोराला काहीही वाटू शकतं.

मग जोड्या मोडायला लागल्या. पहिली गेली ती गुलबर्ग्याच्या पोराची. काचिगुड्याला, नाहीतर नामपल्लीच्या स्टेशनावर आम्ही सगळी पोरं जोडीने उभी, आणि उस्ताद सायकल भिंतीला लावून मागे. कोणी बोलत नसे. सवयच नव्हती. गाडी हलली की उस्ताद जाणाऱ्या पोराच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि राहिलेल्याला सायकलवर पुढे बसवून परत न्यायचे. दुसऱ्या दिवशी तो राहिलेला पोरगा मैदानावर भलतीकडेच चेंडू मारायचा. त्याला रिकाम्या जागेत कोणीतरी असेल असंच वाटायचं. उस्ताद शिट्टी वाजवायचे आणि पुन्हा खेळायला सांगायचे. भाषेभाषेची माणसं वेगळी करायची सरकारने ठरवलं, आणि उस्तादांनी तर नेमक्या उलट भाषांच्याच गाठी मारल्या होत्या. एकही जोडी वाचणार नव्हती. दोन महिन्यांत सातातल्या सहा गेल्या.

सातवी आमची. एका पहाटे पळताना मी मध्येच थांबलो आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिलो. दम लागला नव्हता. पाय उचलावासाच वाटेना. जोडीदार परत आला. त्याने उस्तादांकडे पाठ केली आणि हळूच विचारलं, "अलिसिपोयिनावा?" दमलास का, म्हणजे. पाच वर्षांत मैदानावर तो माझ्याशी बोललेला पहिला शब्द. मी नाही म्हणून मान हलवली. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं असावं, मला आजही तसंच वाटतं, कारण डोळे वाचायला आम्हाला एकाच माणसाने शिकवलं होतं. पण उस्तादांनी पाहिलं होतं. बोलल्याबद्दल दोघांना पाच पाच फेऱ्या पडल्या.

त्याच रविवारी दुपारी उस्ताद आमच्या घरी आले. मी नऊ वर्षांचा असताना आले होते त्यानंतर पहिल्यांदाच. ओसरीवर शिवलेली पोती रचून ठेवलेली होती. ते त्यांच्याकडे बघत बाजेवर टेकले. आईने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मी तो घेऊन दारात उभा राहिलो.

"साब, छह जोड़ियाँ गयीं मेरी," ते दादांना म्हणाले. "पाँच साल का काम था। मैं किसीकू नक्को नहीं बोला। सबके अपने अपने घर हैं।"

दादा म्हणाले, "जी, उस्ताद. क्या करते. सरकार का हुकुम."

"हौ। हुकुम है।" ते हातातली टोपी फिरवत राहिले. "आपके ऊपर तो हुकुम नहीं ना साब? आप लिख के देंगे, वैसा होगा। एक जोड़ी छोड़ दो मेरेकू। एक। ये दो पोट्टे कल को कलकत्ता खेलेंगे। मैं मर गया तो भी खेलेंगे। नहीं तो मैं इत्ते साल क्या करा, बोलो।"

मी त्या माणसाला कधी याचना करताना पाहिलं नव्हतं. मी तांब्या दोन्ही हातांनी धरला. आता बोल, असं मी स्वतःला म्हणत होतो. आता बोलला नाहीस तर संपलं.

आतून आईचा आवाज आला. "अहो, पोराला विचारा की एकदा."

"त्यात काय विचारायचं?" दादा तिकडे न बघता म्हणाले. "पाच वर्षांत एक पहाट चुकला नाही तो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर तीच ती कात्रणाच्या दिवसाची हौस होती, आणि तिच्याखाली भीती होती की मी आता रडेन, मला इथून नेऊ नका म्हणेन. मी मान खाली घातली.

"ठीक है उस्ताद," दादा म्हणाले. "हम नहीं जाते."

उस्तादांनी उठून दादांचे दोन्ही हात धरले. पाणी न पिताच गेले. मी तांब्या घेऊन आत गेलो तर आई चुलीपुढे पाठ करून बसली होती. तिने तांब्या घेतला आणि पाणी मोरीत ओतलं. त्या दिवसापासून ओव्या थांबल्या.

पोती एकेक करून उसवली. भांडी फळीवर परत गेली. एक पोतं मात्र तिने उसवलं नाही. त्यात मोठी घागर, परात आणि तिच्या आईने दिलेलं घंगाळ होतं. "राहू द्या, जागा नाही ठेवायला," म्हणाली आणि ते माळ्यावर टाकलं. दर दिवाळीला माळा झाडताना ते पोतं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जायचं. सुतळी तशीच होती.

दादांच्या हाताखालचा एक कारकून औरंगाबादला गेला. वर्षाच्या आत त्याची बढती झाली, तशी त्याची पत्रं यायची. प्रत्येक पत्रात 'आपण इकडे असता तर' हे वाक्य असायचं. दादा ती पत्रं मोठ्याने वाचायचे आणि तेवढं वाक्य गाळायचे. इकडे ऑफिसात आता तेलुगूची परीक्षा द्यावी लागणार होती. चाळिशीला आलेला माणूस शाळेच्या पोराचं पहिलीचं पुस्तक घेऊन बसला. संध्याकाळी मी मैदानावरून यायचो तेव्हा ते पाट मांडून गोल गोल अक्षरं गिरवत बसलेले असायचे. चष्मा पुसायचे आणि विचारायचे, "कसा झाला रे खेळ?"

"बरा झाला," मी म्हणायचो.

ते समाधानाने मान हलवून पुन्हा अक्षरांकडे वळायचे. त्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा सुटले, पण तोवर त्यांच्या मागची चार माणसं पुढे गेली होती. मी त्या पाटाशेजारून दप्तर ठेवायला जायचो तेव्हा मला स्वतःची इतकी चीड यायची की जेवण जात नसे. पण आता बोलून काय? बोलायची वेळ एकच होती, दारात तांब्या घेऊन उभा असतानाची, आणि ती मी घालवली होती. ज्या माणसाने आपल्यासाठी सगळं सोडलं त्याला, मला हे नकोच होतं, असं कोणत्या तोंडाने सांगणार?

म्हणून मी खेळलो. अजून आठ वर्षं. दादा प्रत्येक मॅचला यायचे. काळी छत्री उघडून डाव्या बाजूच्या रेषेवर उभे राहायचे, मध्यंतरानंतर आमची बाजू बदलली की तेही छत्री घेऊन पलीकडे चालत जायचे. भर एप्रिलच्या उन्हात. मी चेंडू घेतला की पहिल्यांदा छत्री दिसायची. ती दिसली की पळायचो. लोक म्हणायचे, काय जिद्द आहे पोरात. जिद्द कसली, मी त्या छत्रीच्या धाकाने पळत होतो.

जोडीदाराला एकोणिसाव्या वर्षी कलकत्त्याच्या क्लबने नेलं. त्यांना मीही हवा होतो, पण चाचणीत मी इतका वाईट खेळलो की त्यांनी हात झटकले. मुद्दाम खेळलो का? आजही नक्की सांगता येत नाही. पाय थकलेले होते एवढं खरं. तो गेला त्या दिवशी स्टेशनावर आम्ही दोघे आणि उस्ताद. उस्ताद आता काठी टेकत चालायचे. गाडी गेल्यावर मला म्हणाले, "चलो मियाँ, एक तो पहुँचा." मला सायकलवर बसवायची ताकद त्यांच्यात राहिली नव्हती. मीच त्यांची सायकल ढकलत त्यांना घरी पोचवलं. पुढच्या वर्षी ते गेले. माझा जीव त्यांच्यावर होता आणि मला त्यांचा रागही होता, आणि या दोन्हींपैकी काहीच मी त्यांना कधी सांगितलं नाही.

बाविसाव्या वर्षी गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, आता खेळणं बंद. दादांनी तोंड फिरवून डोळे पुसले. माझा जीव भांड्यात पडला होता, आणि मी चेहरा पाडून बसलो होतो. आबिड्सला एका बँकेत चिकटलो. फुटबॉलच्या जोरावर नाही, परीक्षा देऊन.

आई गेल्यावर माळ्यावरचं पोतं आम्ही उतरवलं. सुतळी हाताला लागताच तुटली. घागर, परात, घंगाळ, आणि घंगाळात कागदात बांधलेलं मूठभर बी. दोडक्याचं की कारल्याचं, ते ओळखता येईना इतकं जुनं झालं होतं. औरंगाबादच्या घराच्या परसात लावायला ठेवलेलं असणार. दादांनी ते हातावर घेऊन पाहिलं आणि पुन्हा त्याच कागदात बांधलं.

दोन वर्षांनी दादा निवृत्त झाले. कारकून म्हणून लागले होते, एक पायरी वर चढून सुटले. त्याच उन्हाळ्यात चुलतभावाचं लग्न औरंगाबादेत निघालं, म्हणून आम्ही दोघे गेलो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दादा म्हणाले, "चल, ते ऑफिस बघून येऊ." रविवार होता, फाटक नुसतं लोटलेलं. शिपायाने आत सोडलं. व्हरांड्यात एक लाकडी फळा होता, त्यावर आजवर तिथल्या साहेबाच्या खुर्चीवर बसलेल्यांची नावं मराठीत रंगवलेली. दादा बोट लावून वाचत गेले. चौथं नाव त्यांच्या हाताखालच्या त्या कारकुनाचं होतं. ते तिथे थांबले नाहीत. खालपर्यंत सगळी नावं वाचली, मग चष्मा काढून पुसला.

बाहेर हॉटेलात चहा मागवताना त्यांच्या तोंडून सवयीने हैदराबादी उर्दू आली आणि मध्ये एक तेलुगू शब्द. पोऱ्याने हसून विचारलं, "बाबा, आंध्रातून आलात का?"

याच मराठवाड्यात बापजाद्यांची जमीन असलेला माणूस. "हो," दादा म्हणाले. "हैदराबादचा आहे."

माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "दादा, मला त्या वर्षी इकडे यायचं होतं."

"कोणत्या वर्षी?"

"उस्ताद घरी आले होते त्या वर्षी. मला खेळायचंच नव्हतं. मी दमलो होतो. आपण निघणार म्हणून मी खूश होतो."

त्यांनी बशीत ओतलेला चहा संपवला. बशी कपाखाली नीट ठेवली. "मग बोलला कामून नाहीस?"

"उस्तादांनी बोलायची सवयच मोडली होती."

"ती मैदानावरची शिस्त होती," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघायला लागला. "आपलं घर काय मैदान होतं? मी काय समोरच्या टीमचा होतो?"

मी पोऱ्याला खूण करून आणखी दोन चहा सांगितले.

मग तेच म्हणाले, "पण मग पुढे आठ वर्षं खेळलास की."

"तुम्ही यायचात म्हणून."

"मी?" ते हसले, पण तोंड वाकडं करून. "मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ऊन मस्तकात जायचं. घरी आलो की तुझी आई डोक्याला कांदा चोळायची. वाटायचं, आपण गेलो नाही तर पोरगं खचेल."

पैसे देऊन आम्ही स्टेशनाकडे निघालो. वाटेत ते एकदाच बोलले. "तुझी आई म्हणाली होती, विचारा त्याला. माझ्या कानावर आलं होतं ते." मी हो म्हटलं. दुपारची काचिगुड्याची गाडी लागलेली होती. आम्हाला समोरासमोर खिडक्या मिळाल्या. गाडी सुटली, रेल्वेच्या वसाहती संपल्या, काळी रानं सुरू झाली. दादा रानांकडे न बघता माझ्याकडे बघत होते. दारात तांब्या घेऊन उभा होतो तेव्हा बघितलं होतं तसेच, पण या वेळी थांबून. सतरा वर्षं तेलुगू फायलींत घालवलेल्या माणसाच्या तोंडी जे पहिलं आलं तेच त्यांनी विचारलं.

"अलिसिपोयिनावा रा?"

या वेळी मी मान हलवली नाही. "हो दादा," म्हटलं. "लई दमलो."

"मी पण," ते म्हणाले. मग माझ्या दुखऱ्या गुडघ्याला जागा व्हावी म्हणून त्यांनी आपले पाय बाकाखाली ओढून घेतले.